डोळ्याला डोळा लागला नाही म्हणणारी माणसं

माझं काम रात्री साडेआठला सुरू होतं. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. मूळची कोरेगावची. बी.एस्सी. झाल्यावर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायला शिकले, काही वर्षं न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत दिवसाचे ईईजी काढले आणि मग इथे आले. नातेवाइकांना वाटतं की झोप न येणाऱ्यांना मी झोपवते. तसं काही नाही. मी त्यांच्या अंगाला तारा लावते, दिवा मालवते आणि शेजारच्या खोलीत बसून सकाळपर्यंत त्यांची झोप बघते.

तारा लावायलाच पाऊण तास जातो. आधी टेपनं डोकं मोजायचं, नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या मापाचे दहा आणि वीस टक्के धरून पेन्सिलीनं खुणा करायच्या. त्वचा जराशी घासायची, पेस्ट भरून इलेक्ट्रोड चिकटवायचे: डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, छातीवर, दोन्ही नडग्यांवर. नाकाशी नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. अपॉइंटमेंट देतानाच आम्ही सांगतो, "मावशी, डोकं धुऊन या, तेल लावू नका." तरी काही जणी तेल थापून येतातच. त्याशिवाय झोपच येत नाही, हे त्यांचं पक्कं असतं. मग पुन्हा स्पिरिटनं पुसा, पुन्हा घासा.

सगळं बसलं की मी माइकवरून सांगते. डोळे मिटा. उघडा. मान न हलवता वर बघा, खाली बघा. दात आवळा. श्वास धरा. डावं पाऊल हलवा. प्रत्येक वेळी पडद्यावरची योग्य ती रेघ उसळली की समजायचं, जोडणी बरोबर आहे. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघेत सेकंदाला आठ ते तेरा अशा अल्फा लाटा येतात. माणूस जागा आहे, पण निवांत आहे. मग त्या लाटा विरतात, डोळे पापण्यांखाली संथ फिरायला लागतात, हा पहिला टप्पा. थोड्या वेळानं स्पिंडल येतात, म्हणजे अर्ध्या-एक सेकंदाची दाट लाटांची झुळूक, आणि अधूनमधून के-कॉम्प्लेक्स नावाची एकच मोठी उसळी. हा दुसरा टप्पा. रात्रीचा जवळपास निम्मा वेळ माणूस इथेच असतो. त्याहून खाली गेलं की मोठ्या, संथ डेल्टा लाटांचा तिसरा टप्पा, रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात जास्त, आणि वय वाढेल तसा कमी कमी होत जाणारा. आणि साधारण दीड तासानं रेम झोप. डोळे झपाझप हलतात, मेंदूच्या लाटा जवळजवळ जागेपणीसारख्या होतात, पण हनुवटीची रेघ सपाट. अंगातले बहुतेक स्नायू ढिले पडलेले. असं चक्र रात्रीतून चार-पाच वेळा फिरतं, आणि पहाटेकडे रेमचा वाटा वाढत जातो.

हे सगळं आम्ही तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचतो. एका पानाला इपॉक म्हणतात. आठ तासांच्या रात्रीची ९६० पानं होतात. तीसच सेकंद का, तर पूर्वी कागदावर शाईच्या पेनांनी रेघा उमटायच्या. कागद सेकंदाला दहा मिलिमीटर सरकायचा आणि पान तीस सेंटिमीटर रुंद असायचं. कागद केव्हाच गेला, पान राहिलं. पानाचा जास्तीत जास्त भाग ज्या टप्प्यात असेल, तो टप्पा सगळ्या पानाला मिळतो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळी तारा काढायच्या आधी मी पेशंटला एक कागद भरायला देते. झोप लागायला किती वेळ लागला असं वाटतं? एकूण किती तास झोपलात असं वाटतं? किती वेळा जाग आली? चहाच्या आधी, कुणाशी बोलण्याआधी भरायचा. बऱ्याच ठिकाणी हा कागद फाइलच्या तळाशी जातो, कारण मशीनचा रिपोर्ट आल्यावर माणसाला विचारायचं काय, असं वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही. मशीन काय म्हणतं आणि माणूस काय म्हणतो, ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात. आज लिहायला बसले ते एवढंच सांगायला.

वाईकडचे एक काका आले होते. शाळेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, अक्षर छापल्यासारखं. 'किती तास झोपलात' यापुढे त्यांनी 'शून्य' लिहिलं आणि खाली रेघ मारली. "ताई, तुम्ही बघितलंत ना रात्रभर? टक्क जागा होतो मी." माझ्या रेकॉर्डमध्ये साडेपाच तासांची झोप होती. स्पिंडल होते, थोडा तिसरा टप्पा होता, रेम चार वेळा येऊन गेली होती. काकू बाहेर बाकावर होत्या. त्या म्हणाल्या, "मला बाहेर ऐकू येत होतं हो यांचं घोरणं." काका चिडले. घरातही हेच चालत असणार. मुलगा म्हणतो, बाबा झोपतात मस्त, उगाच कुरकुर करतात.

याला डॉक्टर पॅराडॉक्सिकल इन्सोम्निया म्हणतात. रेकॉर्डवर पुरेशी झोप, आणि माणसाला मात्र आपण झोपलोच नाही याची खात्री. अशा माणसाला "अहो, तुम्ही झोपला होतात" असं सांगून घरी पाठवणं मला क्रूरपणाचं वाटतं. काकांनी एक गोष्ट सांगितली होती. मध्यरात्रीनंतर बाहेरून औषधांची ट्रॉली गेली, तिचं एक चाक करकरत होतं. मी त्या वेळेचं पान काढलं. ट्रॉली खरंच गेली होती, मीच दार लोटून घेतलं होतं. पानावर दुसरा टप्पा. मधोमध एक के-कॉम्प्लेक्स, आणि त्यामागोमाग चार सेकंद अल्फा. चार सेकंद ते जागे होते. उरलेले सव्वीस सेकंद झोपेचे, म्हणून पान झोपेच्या खात्यात गेलं. स्कोअरिंग, म्हणजे पानाला टप्पा देणं, चुकलं नव्हतं. अशी छोटी जाग तीन सेकंद किंवा जास्त असेल, तर तिची वेगळी नोंद होते. पण झोपेच्या तासांच्या बेरजेत ती दिसत नाही. काकांना रात्रीतून अशी जाग पुष्कळदा आली होती. त्यांच्या मनानं ते जागेपणाचे तुकडे एकमेकांना जोडून एक अखंड जागी रात्र तयार केली असणार, असं मला वाटतं.

झोपलेल्या माणसाला काय विचारायचं, हा प्रश्न या शास्त्राच्या मुळाशीच आहे. १९२४ साली जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतला विजेचा पहिला आलेख काढला. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्कमध्ये आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य गृहस्थानं स्वतःच्या घरच्या प्रयोगशाळेत झोपलेल्यांचे आलेख घेऊन झोपेचे पाच टप्पे पाडले. त्यात रेम नव्हती, कारण डोळ्यांकडे कुणी बघितलंच नव्हतं. ते बघितलं युजीन असेरिन्स्की यांनी, शिकागोमध्ये. विद्यार्थी होते, पैशाची ओढाताण होती, आणि पहिले प्रयोग त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलावर, आर्मंडवर केले. मुलगा गाढ झोपलेला आणि डोळ्यांच्या रेघा उसळतायत. आधी त्यांना वाटलं मशीन बिघडलंय. १९५३ साली त्यांचा आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथनिएल क्लाइटमन यांचा लेख आला. डोळे हलत असताना २७ वेळा उठवलं, त्यातल्या २० वेळा माणसांनी स्वप्नं सांगितली. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवलं, त्यातल्या १९ वेळा काहीच सांगता आलं नाही. झालं, रेम म्हणजे स्वप्न आणि बाकीची झोप म्हणजे कोरी पाटी, हे समीकरण रूढ झालं. आजही बहुतेकांच्या डोक्यात तेच आहे.

मग १९६२ साली डेव्हिड फोक्स यांनी प्रश्न बदलला. उठवल्यावर 'स्वप्न पडत होतं का' असं विचारण्याऐवजी त्यांनी 'आत्ता मनात काय चाललं होतं' असं विचारलं. आणि रेम नसलेल्या झोपेतूनही माणसं बोलायला लागली. चित्रविचित्र गोष्टी नव्हेत. साधे विचार, दिवसाची उजळणी, एखादं अर्धं वाक्य. मेंदू तोच, झोप तीच. प्रश्न वेगळा विचारला तर साक्ष वेगळी मिळाली.

मी हे वाचलं तेव्हा मला काकांसारखे कितीतरी चेहरे आठवले. दुसऱ्या टप्प्यात मन चालू असतं, हलक्या आवाजात. कुणी उठवलं आणि विचारलं, तर पुष्कळ माणसं म्हणतात, "मी झोपलो नव्हतो, विचार करत होतो." त्यांच्या दृष्टीनं ते खरंच आहे. विचार चालू होता, म्हणजे मी जागा होतो, हा हिशेब आपण सगळेच दिवसा करतो. रात्री तो चुकतो, एवढंच.

आता उलटा माणूस बघा. हायवेवर ट्रक चालवणारे एक दादा. मालकानं पाठवले होते, कारण टोल नाक्याच्या रांगेत झोप लागून पुढच्या गाडीला धडकले होते. "ताई, झोपेची माझी काही तक्रार नाही. पडलो की झोपलो, सकाळपर्यंत पत्ता नसतो." सकाळच्या कागदावर: सात तास, जाग एकदाही नाही. मशीनवर: तासाला पन्नासच्या वर वेळा श्वास अडलेला. एकेक थांबा वीस, तीस, कधी चाळीस सेकंदांचा. श्वास थांबतो, ऑक्सिजनचा आकडा उतरत जातो, मग मेंदू दचकून पाच-सात सेकंद जागा होतो, घसा मोकळा होतो, मोठ्यानं घोरल्याचा आवाज, आणि पुन्हा झोप. तासाला पाचच्या खाली असेल तर ठीक, तीसच्या वर गेलं की आजार गंभीर. दादांना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. काही सेकंदांची अशी जाग बहुतेक वेळा आठवणीत उतरतच नाही. माणूस त्या वेळी जागा होतो, पण सकाळी तसं सांगायला कुणी उरलेलं नसतं.

एका रात्रीत शेजारशेजारच्या खोल्यांत असे दोघं असले की मी थक्क होते. एक झोपलेला असतो आणि शपथेवर सांगतो की मी जागा होतो. दुसरा रात्रभर जागा होत असतो आणि शपथेवर सांगतो की मी गाढ झोपलो. दोघंही प्रामाणिक. जाणीव गेली तेव्हाची साक्ष जाणिवेकडेच मागायची, अशी ही अडचण आहे.

झोपेत मेंदू बंद होतो, असं समजू नका. २००५ साली मार्चेल्लो मास्सिमिनी, जूलियो तोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनला एक सुंदर प्रयोग केला. डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका देऊन मेंदूचा एक छोटा भाग जागवायचा, आणि त्याचा पडसाद कुठवर जातो ते ईईजीवर बघायचं. माणूस जागा असताना पडसाद जवळच्या, लांबच्या भागांत फिरत गेला. गाढ झोपेत तोच ठोका दिला, तर जिथे दिला तिथेच जोरात उमटला आणि विरला. पेशी काम करत होत्या, पण एकमेकींशी त्यांचं बोलणं तुटलं होतं. जाणीव म्हणजे काय, याचं पुरं उत्तर यात नाही, पण ती या बोलण्यात कुठेतरी आहे, हे मला या प्रयोगानं पटलं.

त्यानंतर २०११ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर तारा घातलेल्या असतात. त्यांच्या झोपेची नोंद बघितली तेव्हा संथ लाटा आणि स्पिंडल बहुतेक वेळा सगळ्या मेंदूत एकदम नसतात, तुकड्यातुकड्यांत असतात, असं दिसलं. त्याच वर्षी उलटंही दिसलं. बराच वेळ जागवलेल्या उंदरांच्या मेंदूत काही ठिकाणच्या पेशी क्षणभर झोपेसारख्या गप्प होत होत्या, आणि उंदीर मात्र डोळे उघडे ठेवून हिंडत होते. मी डोक्यावर मोजके इलेक्ट्रोड लावते. त्यांच्याखाली झोप दिसली म्हणजे मेंदूचा कोपरा न् कोपरा झोपला, असं मी छातीठोकपणे कसं म्हणू? काकांचा एखादा भाग ट्रॉलीचं चाक ऐकत बसलेला असू शकतो.

ही सरमिसळ सगळ्यात स्पष्ट दिसते ती अंग बांधल्यासारखं होतं तेव्हा. चिपळूणकडची एक मुलगी आली होती, नर्सिंगला शिकणारी. पहाटे जाग येते, खोली दिसते, पंखा दिसतो, पण बोटही हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. आजीनं गावी देवरुशाकडे नेलं होतं. मी तिला पडद्यावर रेमचं पान दाखवलं. ही हनुवटीची रेघ बघ, सपाट आहे ना? रोज रात्री तुझं, माझं, सगळ्यांचं अंग असं ढिलं पडतं. फ्रान्समध्ये मिशेल जूवे यांनी १९५९ साली मांजरांत हे दाखवून दिलं. कधीकधी मन आधी जागं होतं आणि अंग काही सेकंद, फार तर काही मिनिटं, रेममध्येच राहतं. स्वप्नाचा एक तुकडाही डोळ्यांपुढे राहतो. तिनं विचारलं, "म्हणजे मी तेव्हा जागी असते की झोपलेली?" मी म्हटलं, दोन्ही. ती खूप वेळ त्या सपाट रेघेकडे बघत राहिली. आजीनं तिच्या भोगण्यावर विश्वास ठेवला होता, कारण मात्र वेगळं धरलं होतं. आजीचा मला राग आला नाही. "मनाचे खेळ आहेत" म्हणून झटकणाऱ्यांचा येतो.

रात्रपाळीचं माझं स्वतःचं सांगते. पहाटे चार ते पाच हा तास सगळ्यात अवघड. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी सगळ्यात खाली गेलेलं असतं, हातपाय गार पडतात, पडद्यावरच्या रेघा एकमेकींत मिसळतात. आणि सात वाजता, आणखी दोन तास जागरण झालेलं असूनही, मला चक्क हुशारी वाटते. नवीन मुलींना हे कोडं वाटतं. १९८२ साली आलेक्झांडर बोर्बेली यांनी त्याचा उलगडा केला. दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक, जागे राहू तितकी साठत जाणारी झोपेची ओढ. दोन, आतलं घड्याळ, जे जागरणाचा हिशेब न बघता आपल्या ठरल्या वेळी आपल्याला वर उचलतं नाहीतर खाली सोडतं. चहा-कॉफीतलं कॅफीन ओढीची जाणीव अडवतं, ओढ कमी करत नाही. म्हणून चार वाजता घेतलेला चहा घरी गेल्यावर नऊ वाजता नडतो.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर आहे. जेमतेम वीस हजार पेशींचं. आणि ते आपल्या जाणिवेला विचारत नाही, हे १९६२ साली एका तेवीस वर्षांच्या फ्रेंच मुलानं स्वतःवर करून दाखवलं. मिशेल सिफ्र. १६ जुलैला आल्प्समधल्या एका हिमगुहेत उतरला, घड्याळाशिवाय. उठला, जेवला, झोपायला निघाला की वरच्या लोकांना फोन करायचा. त्यांनी वेळ सांगायची नाही. १४ सप्टेंबरला त्याला सांगितलं की प्रयोग संपला. त्याच्या वहीप्रमाणे त्या दिवशी २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस त्याच्या मनातून गळून गेले होते. सेकंदाला एक या वेगानं १२० पर्यंत मोजायला सांगितलं तर त्याला पाच मिनिटं लागायची. आणि वरच्या फोनच्या नोंदी बघितल्या, तर त्याचं झोपणं-उठणं सरासरी साडेचोवीस तासांच्या दिवसानं चाललं होतं. मन इतकं भरकटलं, शरीर अर्धा तास सरकलं. सिफ्र २०२४ साली गेले. त्यांची बातमी मी लॅबमध्येच वाचली.

आपल्याकडेही यावर फार मोलाचं काम झालं आहे आणि ते शाळेत शिकवलं जात नाही, याची मला खंत वाटते. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी गुहेतल्या वटवाघळांवर प्रयोग केले. गुहेत आत, जिथे उजेड पोचतच नाही, तिथे काही वटवाघळं पिंजऱ्यात ठेवली. थवा संध्याकाळी उडून जायचा, पहाटे परतायचा. पिंजऱ्यातली वटवाघळं सूर्य न बघताही त्या येण्या-जाण्याबरोबर आपली वेळ जुळवून राहिली. थवा नसलेल्या गुहेत ठेवली, तर त्यांचं घड्याळ आपल्या मापानं सरकत गेलं. सकाळी मी झोपायला पडते तेव्हा वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होतात, शाळेची व्हॅन हॉर्न मारते, आणि मला ती वटवाघळं आठवतात. माणसांत मात्र उजेडाचा जोर कितीतरी जास्त. डोळ्यांत चित्र न दाखवता फक्त उजेड मोजणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, आणि त्यांची तार थेट या घड्याळाला जाते. काही अंध माणसांना काहीही दिसत नाही, तरी त्यांच्या या पेशी शाबूत असतात, आणि त्यांच्या शरीराला दिवस-रात्र बरोबर कळते. ज्यांच्या त्याही गेलेल्या असतात, त्यांची झोप रोज थोडी थोडी पुढे सरकत दिवसात शिरते. म्हणून मी सकाळी बसमध्ये गडद गॉगल आणि टोपी घालून बसते. रात्रपाळी सोपी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये ती बहुधा कर्करोगकारक या गटात घातली, आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवली. नवीन मुलींना हे मी पहिल्याच आठवड्यात सांगते. लपवून ठेवण्यासारखं ते नाही.

या घड्याळापायी सगळ्यात जास्त बोलणी खातात ती विशीतली पोरं. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आईबरोबर आला होता. तीनशिवाय झोप लागत नाही, अकराशिवाय उठवत नाही. आई म्हणत होती, मोबाइल आणि आळस. मोबाइलचा हात आहेच थोडा. पण सुट्टीत त्याला त्याच्या वेळेनं झोपू दिलं, तर झोप अगदी निर्दोष असते, पूर्ण आठ तास, सगळे टप्पे जागच्या जागी. त्याचं घड्याळ उशिरा लावलेलं आहे. वयात येताना ते बहुतेकांचं उशिराकडे झुकतं, याचं जरा जास्त. दहा वाजता अंथरुणात ढकललं तर तो पाच तास छताकडे बघतो. त्याला सकाळचं ऊन, रात्री मंद दिवे आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, लागतं. शिव्यांनी घड्याळ मागे येत नाही.

अलीकडे मनगटावरची स्मार्ट घड्याळं बघून माणसं येतात. "ताई, काल डीप स्लीप फक्त बेचाळीस मिनिटं दाखवली." मी विचारते, उठल्यावर कसं वाटत होतं? "छान वाटत होतं, घड्याळ बघेपर्यंत." ही घड्याळं हालचाल आणि नाडी मोजून अंदाज बांधतात. मेंदूची एक रेघही त्यांच्याकडे नसते. झोपला की जागा आहे, एवढं ती बऱ्यापैकी सांगतात. निश्चल पडून जागा असलेला माणूस मात्र त्यांना झोपलेला वाटतो, आणि टप्प्यांच्या आकड्यांवर तर मी मुळीच विसंबणार नाही. आधी माणसाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. आता माणूस स्वतःच ठेवेनासा झालाय.

काकांना डॉक्टरांनी गोळी दिली नाही. झोपेसाठीचा वर्तनोपचार सुरू केला. ते साडेनऊला अंथरुणावर पडायचे. त्यांना सांगितलं, साडेअकराच्या आत पाठ टेकायची नाही, आणि काहीही झालं तरी साडेपाचला उठायचं. पडून राहण्याचे तास कमी केले की झोप दाट होते, मध्ये जाग कमी वेळा येते. शिवाय झोपेची वही ठेवायला सांगितली. हेडक्लार्कच ते, लाल शाईनं रकाने आखून आणले. एक 'मला वाटले ते', दुसरा 'सौ. म्हणाली ते'. पहिल्या पानांवर पहिल्या रकान्यात शून्य, शून्य, अर्धा तास. दुसऱ्यात पाच, साडेपाच, 'पंख्याच्या वर आवाज'. पुढच्या पानांवर पहिल्या रकान्यात दोन आले, मग साडेतीन, मध्येच पुन्हा एक शून्य. त्या शून्यापुढे काकूंनी स्वतःच्या हातानं 'मान्य नाही' लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी त्यातलं काही खोडायला सांगितलं नाही, दोन्ही रकाने वाचून दाखवले. नंतरच्या खेपेला काकांनी आपण होऊन तिसरा रकाना आखला होता, 'दुपारी कसे वाटले'. त्यात बऱ्याच ओळींपुढे 'ठीक' होतं, आणि एका ठिकाणी 'मेणवलीपर्यंत चालत गेलो'.